निवाऱ्यातील परिचारिका

भूकंप झाला किंवा महापूर आला, की चार-आठ दिवस वर्तमानपत्रांचे रकाने मृतांच्या आकड्यांनी भरून जातात. पुढे आकडे स्थिरावतात, छायाचित्रे येईनाशी होतात आणि वाचकही हळहळ संपवून आपल्या उद्योगास लागतो. परंतु आपत्तीचा दुसरा अंक सुरू होतो तो त्यानंतर. जे मेले ते सुटले. जे वाचले त्यांस कोठेतरी राहावे लागते. शाळेच्या वर्गांत, देवळांच्या ओवऱ्यांत, पत्र्याच्या खोपटांत त्यांचे दिवस, महिने, कधी कधी वर्षे जातात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि भोवतालची गावे, गणपतीचे विसर्जन करून निजलेली असतानाच, जमीनदोस्त झाली. आणि उरलेल्या माणसांनी त्यापुढचे उन्हाळे-पावसाळे पत्र्याच्या निवाऱ्यांत काढले, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस स्मरत असेल.

अशा निवाऱ्यांत पुढारी येऊन जातात, पाहणी करणारी मंडळी येऊन जातात, कपडे-भांडी वाटणारे दाते येऊन जातात. राहते ती परिचारिका. तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही; आणि बोललोच तर 'सेवामूर्ती', 'देवदूत' असली दोन-चार विशेषणे उधळून मोकळे होतो. विशेषण लावले की विचार करण्याचे काम उरत नाही, ही त्यातली सोय होय. आम्हांस मात्र एक साधा प्रश्न बरेच दिवस छळीत आहे. ती तेथे का जाते, हा तो प्रश्न नव्हे. जाण्याची कारणे शोधण्यास लांब जावे लागत नाही: कोणाचा हुकूम असतो, कोणाचे अंतःकरण द्रवते. प्रश्न असा की, पहिला आवेग ओसरल्यावर, तिसाव्या किंवा तीनशेव्या दिवशी, ती तेथेच का राहते? कशाच्या बळावर टिकते?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर जपानच्या इतिहासाकडे वळणे आम्हांस सोयीचे वाटते. भूकंप आणि शिकून तयार झालेली परिचारिका यांची गाठ ज्या देशात शंभरांहून अधिक वर्षे पुन्हा पुन्हा पडत आली, असा दुसरा देश आमच्या पाहण्यात नाही. त्या गाठीभेटींतून जपानी लोक जे शिकले ते एका दिवसात शिकले नाहीत. प्रत्येक वेळी त्याची किंमत मोजून शिकले.

आरंभ होतो तो युद्धातून. १८७७ साली जपानात जे यादवी युद्ध झाले त्यातील जखमींच्या शुश्रूषेसाठी 'हाकुआइशा', म्हणजे भूतदयेचे मंडळ, या नावाची संस्था निघाली. तीच १८८७ साली जपानी रेडक्रॉस झाली. पुढच्याच वर्षी, १५ जुलै १८८८ रोजी, बांदाई पर्वताचा स्फोट होऊन पावणेपाचशेच्या वर माणसे दगावली. तेव्हा ह्या संस्थेने आपले डॉक्टर तेथे पाठविले. युद्ध नसताना रेडक्रॉसने मदतीस जाणे ही त्या काळी विरळ गोष्ट होती. १८९० साली संस्थेने परिचारिकांचा वर्ग काढला. पहिल्या तुकडीत अवघ्या १० मुली होत्या. त्यांचे शिक्षण पुरे होण्याच्या आतच, २८ ऑक्टोबर १८९१ रोजी, नोबी प्रांतात प्रचंड भूकंप झाला आणि सात हजारांहून अधिक माणसे गेली. ह्या विद्यार्थिनींस पुस्तके मिटून तिकडे जावे लागले. जपानातील शिक्षित परिचारिका आणि नैसर्गिक आपत्ती यांची ही पहिली मोठी ओळख.

ह्या मुली कशाच्या बळावर गेल्या? एक बळ उघड आहे: आज्ञेचे. रेडक्रॉसच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलीस, पुढे २० वर्षे संस्थेचे बोलावणे येईल तेव्हा हजर होईन, असे बंधन पत्करावे लागे. त्या वीस वर्षांत तिचे लग्न होई, मुले होत. परंतु बोलावणे आले की पाळण्यातले मूल सासूच्या ओटीत घालून निघावे लागे. शिपायास जी शिस्त तीच हिला. आज्ञा ही गोष्ट तुच्छ मानण्याजोगी नाही. भीतीने पाय लटपटत असताना माणसास दारापर्यंत नेऊन सोडण्याचे सामर्थ्य तिच्यात असते. मात्र आज्ञेचा अंमल शरीरावर चालतो. अमुक इतक्या जखमा धुवाव्या हे आज्ञा सांगू शकते. रात्री दोन वाजता एखादी म्हातारी का जागी आहे, हे जाऊन पाहा असे ती सांगू शकत नाही.

दुसरे बळ दयेचे. त्याचे उदाहरण शोधण्यास जपानात जावयास नको; त्याच दशकातील आपले पुणे पुरे आहे. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. लोक शहर सोडून पळत होते. नातलग नातलगास शिवेनासा झाला होता. अशा वेळी सावित्रीबाई फुले यांनी, त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंतराव यांच्या साहाय्याने, शहराबाहेर हडपसरच्या बाजूस माळावर रोग्यांसाठी उपचाराची सोय केली. सावित्रीबाईंनी परिचारिकेचे शिक्षण घेतलेले नव्हते आणि त्यांस कोणाचा हुकूमही नव्हता. मुंढवे येथील एका दलित कुटुंबातील प्लेगने पछाडलेले मूल त्यांनी पाठीवर घेऊन उपचारासाठी आणले. त्यातच त्यांस रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

ह्या प्रसंगापुढे कोणाचेही मस्तक नम्र होईल, आमचेही होते. परंतु नमस्कार करून झाल्यावर एक कटू विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्या माळावर त्यांच्या जागी उभे राहण्यास दुसरी बाई समाजाने दिली असती, पाठीवरचे ओझे वाटून घेण्यास चार हात पुढे आले असते, तर कदाचित त्या आणखी काही वर्षे आपल्यांत असत्या. दयेला पाळी बदलण्याची सोय नसते. ती एकटीच जागते आणि जागून जागून स्वतःस जाळून घेते. तिच्या मरणाची आपण पुण्यतिथी करतो. पण जिच्या जागी दुसरी आलीच नाही अशा बाईचे मरण ही जशी तिची थोरवी तशीच आपली लाज होय.

आता पुन्हा जपानकडे वळू. १ सप्टेंबर १९२३ रोजी, दुपारच्या स्वयंपाकासाठी घरोघर चुली पेटलेल्या असताना, तोकियो आणि योकोहामा ही शहरे हादरली. आगी लागल्या आणि एक लाखाहून अधिक लोक प्राणांस मुकले. शहरभर लाकडी फळ्या आणि पत्रे यांच्या चाळी उभ्या राहिल्या. त्या वर्षी 'साइसेइकाइ' नावाच्या गरिबांस औषधोपचार पुरविणाऱ्या संस्थेने एक नवी रीत सुरू केली. तिच्या परिचारिका दवाखान्यात बसून रोग्याची वाट पाहीनात. त्या स्वतः चाळी-चाळींतून फिरू लागल्या. कोणते मूल दूध पीत नाही, कोणती बाळंतीण ओल्या जमिनीवर निजली आहे, कोणाचा खोकला थांबत नाही, हे त्या दारात उभ्या राहून पाहू लागल्या. पुढे जपानात 'होकेन्शी' या नावाने गावोगाव, घरोघर फिरणाऱ्या परिचारिकांचा जो मोठा वर्ग निर्माण झाला, त्याच्या मुळांपैकी एक मूळ ह्या निवाऱ्यांच्या मातीत आहे. आपत्तीने परिचारिकेस खाटेच्या उशाजवळून उठविले आणि माणसाच्या उंबरठ्यावर नेऊन उभे केले, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

ह्या बदलाचा खरा अर्थ कळावयास मात्र आणखी बाहत्तर वर्षे जावी लागली. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहर उद्ध्वस्त झाले. ६४३४ माणसे मेली. तीन लाखांहून अधिक लोक शाळा आणि सार्वजनिक इमारती यांच्या आश्रयास गेले. शहरातील एका म्युनिसिपल रुग्णालयाचा पाचवा मजलाच्या मजला चिरडला गेला. रोगी आणि रात्रपाळीच्या परिचारिका आत अडकल्या. एका रोग्याखेरीज बाकी सर्वांस जिवंत बाहेर काढण्यात आले. ज्या परिचारिका त्या पहाटे घरी होत्या त्यांच्यातील अनेकींची स्वतःची घरे पडलेली होती. तरी त्या मोडलेल्या रस्त्यांवरून पायी चालत कामावर आल्या.

परंतु आम्हांस सांगावयाचे आहे ते त्या पहिल्या दिवसांविषयी नव्हे. ऐन हिवाळा होता. शाळांच्या व्यायामशाळांत थंडगार फरशीवर अंथरूणास अंथरूण लागून माणसे निजत होती. पाण्याचे नळ बंद, त्यामुळे शौचकूप तुंबलेले. म्हाताऱ्या माणसांनी एक युक्ती काढली: पाणीच प्यावयाचे नाही, म्हणजे रात्री अंधारात माणसे ओलांडून जाण्याची वेळ येणार नाही. ही युक्ती त्यांच्या जिवावर बेतली. शरीरे सुकली, रक्त दाट झाले, थंडीतापाच्या साथीत फुप्फुसे सुजली. एकंदर मृतांपैकी सुमारे ९०० जण घराखाली सापडून नव्हे, तर भूकंपातून वाचल्यानंतर अशा कारणांनी मेले. आता विचार करावा, की ह्या ठिकाणी शस्त्रक्रियेत निष्णात असलेला वैद्य काय करणार? येथे लागत होते ते एवढेच की, कोणीतरी प्रत्येक अंथरुणापाशी बसावे आणि हलकेच विचारावे, 'आजी, सकाळपासून पाणी किती प्यालात?' आणि आजीने खरे उत्तर द्यावे, इतकी त्या विचारणारीची तिच्याशी ओळख असावी.

आमच्या मते परिचारिकेस टिकवून धरणारे तिसरे बळ येथे दृष्टीस पडते. ते ओळखीचे बळ. आपत्तीचा आकडा कोणासही पेलत नाही. तीन लाख निराश्रितांचे दुःख मनात आणले तर धैर्याचा माणूसही हात-पाय गाळून बसेल. परंतु खिडकीजवळच्या अंथरुणातल्या आजीने आज तीन पेले पाणी प्यावे, एवढे काम संध्याकाळपर्यंत पुरे होते. ते पुरे झालेले डोळ्यांस दिसते. आणि उद्या सकाळी ती आजी आपली वाट पाहणार, हे ठाऊक असते. मोठ्या ध्येयाने माणूस घराबाहेर पडतो. पण त्यास रोज सकाळी उठविते ते असे लहान, पुरे होण्याजोगे काम. कोणीतरी आपली नावाने वाट पाहत आहे ह्या जाणिवेइतकी बळकट दोरी दुसरी नाही.

कोबेची कथा येथे संपत नाही. पुढे निराश्रितांसाठी सरकारने अठ्ठेचाळीस हजारांवर तात्पुरती घरे बांधली. ती वाटताना वृद्ध आणि अपंग यांस प्रथम मान देऊन चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. हेतू चांगला, न्यायही दिसत होता. परिणाम असा झाला की, एका गल्लीत चाळीस वर्षे शेजारी राहिलेल्या म्हाताऱ्या शहराच्या चार टोकांस फेकल्या गेल्या आणि ज्यांस कोणी नाही अशी माणसे अनोळखी शेजाऱ्यांत एका ठिकाणी गोळा झाली. ती बंद दारांआड मरू लागली. कोणास पत्ताही लागत नसे. अशा एकाकी मृत्यूंची संख्या त्या तात्पुरत्या घरांत २३३ झाली. छप्पर होते, अन्न होते, औषध होते. ओळखीचे माणूस नव्हते.

कुरोदा नावाच्या एका वडीलधाऱ्या परिचारिकेने ह्या वेळी रुग्णालयातील अधिकाराची जागा सोडली आणि शहराच्या पश्चिमेकडील एका मोठ्या तात्पुरत्या वसाहतीत, जेथे हजाराहून अधिक कुटुंबे होती, सहकाऱ्यांसह तंबू ठोकून ठाण मांडले. रात्रंदिवस कोणी ना कोणी तेथे जागे असे. ह्या वसाहतींतून परिचारिका आणि स्वयंसेवक जे काम करीत त्यास रोगचिकित्सेच्या ग्रंथात नाव नाही. दारात वर्तमानपत्रे साचली आहेत काय? विजेचे मीटर फिरते आहे काय? काल वाळत घातलेले कपडे आज काढले आहेत काय? नसतील तर दार ठोठवावयाचे. वसाहत रिकामी होईपर्यंत, सुमारे चार वर्षे, हे काम चालले. २०११ साली ईशान्य जपानात भूकंप आणि समुद्राची लाट यांनी हाहाकार केला, तेव्हा हीच बाई सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना केसेन्नुमा गावच्या तात्पुरत्या वसाहतीत जाऊन पुन्हा त्याच कामास लागली. २०१४ साली तिचा अंत झाला. कोबेच्या अनुभवातूनच १९९८ साली जपानात आपत्तीतील शुश्रूषेचा शास्त्रीय अभ्यास करणारे परिचारिकांचे मंडळ निघाले. जे काम तोवर केवळ दयाळूपणाचे मानले जाई ते विद्या म्हणून शिकविले जाऊ लागले.

तथापि ओळखीच्या बळासही मर्यादा आहे, हे त्याच २०११ च्या ११ मार्चने दाखविले. त्या दिवशी पंधरा हजारांहून अधिक माणसे मेली आणि हजारो बेपत्ता झाली. साडेचार लाखांवर लोक निवाऱ्यांस आले. ह्या वेळी गावोगावच्या परिचारिका स्वतःच आपद्ग्रस्त होत्या. कोणाचे घर वाहून गेले होते, कोणाचा नवरा सापडत नव्हता. मिनामिसानरिकु येथील पाच मजली रुग्णालयात लाट चौथ्या मजल्यापर्यंत चढली आणि सत्तरांहून अधिक रोगी व कर्मचारी गेले. वाचलेल्या परिचारिकांच्या हकिगतींत एक भावना पुन्हा पुन्हा आढळते: आपण वाचलो ह्याचीच खंत. जिच्या हातून रोग्याचा हात सुटला तिला विश्रांती घेणे पाप वाटे. गावातील प्रत्येक माणूस तिला ओळखीत होता, म्हणून ती जाऊ शकत नव्हती. आणि प्रत्येकाचे नुकसान आपल्याहून मोठे, असे मानून ती रडूही शकत नव्हती. जी ओळख तिला धरून उभी करीत होती तीच तिला निजू देत नव्हती.

ह्यावर जपानने योजलेला उपाय अगदी साधा, म्हणूनच शहाणपणाचा आहे. तेथील परिचारिकांच्या संघाने देशभरातून नावे नोंदवून घेऊन परक्या प्रांतांतील परिचारिका आपत्तीच्या जागी पाठविण्याची व्यवस्था केली आहे. एकीचा मुक्काम साधारणपणे तीन रात्री आणि चार दिवस. चार दिवसांत कोणाची ओळख होणार, असे वाचक विचारतील. खरे आहे. परंतु ती परकी बाई ओळख करून घेण्यासाठी येतच नाही. ती येते गावातल्या बाईस रात्री निजता यावे म्हणून. टिकण्याचे रहस्य शोधता शोधता आम्ही ज्या ठिकाणी येऊन पोचलो ते हेच. ओळख परिचारिकेस टिकविते, आणि त्या ओळखीस टिकविते ती वेळेवर येणारी दुसरी पाळी. एकीवाचून दुसरी लंगडी.

आता आपल्याकडे पाहू. महामारीच्या वर्षी, २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी ५ वाजता, आपण सर्वांनी गच्च्यांवर आणि खिडक्यांत उभे राहून परिचारिकांच्या व वैद्यांच्या सन्मानार्थ थाळ्या वाजविल्या. ३ मे रोजी विमानदलाने रुग्णालयांवर फुले उधळली. आणि त्याच मे महिन्यात कलकत्त्याच्या खासगी रुग्णालयांतील शेकडो परिचारिका राजीनामे देऊन मणिपूर आदी आपापल्या प्रांतांस परत गेल्या. काहींस घरमालक जागा सोडा म्हणत होते, शेजारी जिन्यात वाट देत नव्हते, घरची माणसे जिवाच्या काळजीने परत बोलावीत होती. ह्या परत गेलेल्या मुलींस पळपुट्या म्हणावे काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. त्यांस आपण फुले दिली. पण निर्धास्तपणे निजण्यास खोली आणि शेजाऱ्याच्या तोंडून एक बरा शब्द दिला नाही. देवीस पगार, झोप आणि सुटी लागत नाही, असा आपला समज असतो. आणि तिला देवी म्हणण्यात आपला तोच लाभ असतो.

नाइटिंगेलबाईंनी लंडनमध्ये १८६० साली परिचारिकांची शाळा काढली, तेव्हा त्यांचा आग्रह नेमका उलट होता. शुश्रूषा हे शिकून करावयाचे, वेतन घेऊन करावयाचे, मानाचे काम असावे, असे त्यांचे म्हणणे होते. शुश्रूषेच्या नावाशी दिवा आणि रात्र यांची काव्यमय सांगड जिच्यामुळे घातली गेली, तिने स्वतः मात्र हिशेब, स्वच्छता आणि व्यवस्था यांचाच पाठपुरावा केला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. वेतनाने सेवा हलकी होत नाही; उलट, वेतन देणारा समाज तिची जबाबदारी पत्करतो.

आपल्या भाषेने ह्या बाईस दिलेले नाव मोठे अन्वर्थक आहे. 'परि' म्हणजे सभोवार आणि 'चर्' म्हणजे फिरणे. परिचारिका ती, जी सभोवार फिरते. १९२३ साली तोकियोच्या चाळींतून ती फिरली, १९९५ नंतर कोबेच्या बंद दारांपुढून फिरली. पुढचा पूर किंवा पुढचा भूकंप आपल्याकडे कधी येईल ते कोणी सांगावे! येईल तेव्हा कोणत्या तरी शाळेच्या वर्गात ती पुन्हा अंथरुणांमधून फिरू लागेल, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. आजवर तिने कधी कसूर केलेली नाही. शंका आहे ती एवढीच की, रात्री बारा वाजता तिचे काम हाती घेण्यास दुसरी कोणी येईल काय, आणि ती आली तर पहिलीस पाठ टेकण्यास त्याच शाळेत एक कोरडी खोली आपण राखून ठेविली असेल काय.